प्रवेश विद्यापीठाचा, निर्णय दूतावासाचा : विद्यार्थी व्हिसाचे बदलते गणित

परदेशात शिकायला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांचा ओघ करोनानंतरच्या वर्षांत झपाट्याने वाढला आणि २०२४ मध्ये त्याला उतार लागला. इमिग्रेशन विभागाच्या नोंदींच्या आधारे केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, शिक्षणाचे कारण नोंदवून देशाबाहेर गेलेल्यांची संख्या २०२३ मध्ये सुमारे ८ लाख ९२ हजार होती. २०२४ मध्ये ती सुमारे ७ लाख ५९ हजारांवर आली. एका वर्षातील ही जवळपास १५ टक्क्यांची घट नेमक्या त्याच काळात झाली, ज्या काळात कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या तिन्ही देशांनी विद्यार्थी व्हिसाचे नियम एकापाठोपाठ एक कडक केले. त्यानंतर अमेरिकेनेही तोच मार्ग धरला.

विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती आले की अवघड टप्पा पार पडला आणि व्हिसा ही केवळ औपचारिकता उरली, असा समज भारतीय कुटुंबांत दीर्घकाळ रुजलेला होता. तो आता टिकणारा नाही. व्हिसा ही स्वतंत्र परीक्षा झाली आहे. तिचा अभ्यासक्रम वर्षाच्या मध्यावर बदलतो, शुल्क आगाऊ भरावे लागते आणि अपयशाचे कारण अनेकदा दोन ओळींत संपते. आपल्या देशात कोणाला येऊ द्यावे, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे, याविषयी वाद नाही. प्रश्न जोखमीच्या वाटणीचा आहे. विद्यापीठ, मध्यस्थ, बँक आणि यजमान देश यांपैकी कोणाचेही फारसे नुकसान न होता सारा भार अर्जदाराच्या घरावर पडतो, अशी ही रचना आहे.

दोन वर्षांत बदललेले नियम

सर्वांत मोठा बदल कॅनडात झाला. २२ जानेवारी २०२४ रोजी तेथील सरकारने शिक्षण परवान्यांवर प्रथमच वार्षिक मर्यादा घातली आणि त्या वर्षी सुमारे ३ लाख ६० हजार परवाने मंजूर करण्याचे, म्हणजे आदल्या वर्षाच्या तुलनेत ३५ टक्के कपातीचे, उद्दिष्ट ठरविले. प्रवेशपत्रासोबत संबंधित प्रांताचे अनुमोदनपत्र जोडणे बहुतेक अर्जदारांना बंधनकारक झाले. भारतासह काही देशांतील विद्यार्थ्यांसाठी असलेली जलद प्रक्रियेची ‘स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम’ ही योजना ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बंद करण्यात आली. घोषणा आणि अंमलबजावणी एकाच दिवशी झाली. त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत आलेले अर्ज तेवढे जुन्या पद्धतीने हाताळले जातील, असे जाहीर करण्यात आले. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने कॅनडाच्या इमिग्रेशन विभागाच्या हवाल्याने दिलेल्या वृत्तानुसार, ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीयांचे सुमारे ७४ टक्के अर्ज नाकारले गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये हे प्रमाण सुमारे ३२ टक्के होते. अर्जांची संख्याही याच दोन महिन्यांच्या तुलनेत २० हजार ९०० वरून ४ हजार ५१५ इतकी खाली आली. ही एकेका महिन्याची आकडेवारी असली, तरी दिशा स्पष्ट आहे. मात्र सरकारी विद्यापीठांतील पदव्युत्तर आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना जानेवारी २०२६ पासून कॅनडाने या मर्यादेतून वगळले आहे. कोणते विद्यार्थी हवेत आणि कोणते नकोत, हे या सवलतीतून समजते.

ब्रिटनने १ जानेवारी २०२४ पासून संशोधनपर अभ्यासक्रम वगळता अन्य विद्यार्थ्यांना जोडीदार आणि मुले सोबत नेण्यास मनाई केली. शिक्षणानंतर नोकरी शोधण्यासाठी मिळणारी दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांसाठी दीड वर्षावर येणार आहे. पीएचडीधारकांची तीन वर्षांची मुदत कायम आहे. तारखेच्या या एका ओळीत मोठा फरक दडलेला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला बसलेल्या विद्यार्थ्याला निकाल वेळेत लागल्यास २०२६ संपण्यापूर्वी अर्ज करून दोन वर्षे मिळविता येतील. जानेवारी २०२६ मध्ये त्याच वर्गात आलेल्याला दीड वर्षावर समाधान मानावे लागेल. शुल्क मात्र दोघांचे सारखेच आहे.

ऑस्ट्रेलियाने व्हिसा अर्जाचे शुल्क १ जुलै २०२४ रोजी ७१० डॉलरवरून १,६०० डॉलर केले आणि पुढच्याच जुलैत ते २,००० ऑस्ट्रेलियन डॉलरवर नेले. भारतीय चलनात ही रक्कम एक लाख रुपयांहून अधिक होते आणि अर्ज फेटाळला गेल्यास ती परत मिळत नाही.

अमेरिकेत २७ मे २०२५ रोजी विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणे थांबविण्यात आले. ऑगस्टमधील सत्रासाठी मुलाखतींची सर्वाधिक घाई असते, तो नेमका हा काळ. सुमारे तीन आठवड्यांनी प्रक्रिया पुन्हा सुरू झाली, तेव्हा अर्जदारांनी समाजमाध्यमांवरील आपली खाती सर्वांना पाहता येतील अशी खुली ठेवावीत, ही अट आली. मुलाखत आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच द्यावी, असे सप्टेंबरमध्ये सांगण्यात आले. त्यामुळे भारतातील प्रतीक्षा टाळण्यासाठी अन्य देशांत जाऊन मुलाखत देण्याची पळवाट बंद झाली. ‘ओपन डोअर्स’ अहवालानुसार २०२४-२५ मध्ये अमेरिकेत ३ लाख ६३ हजार १९ भारतीय विद्यार्थी होते आणि कोणत्याही अन्य देशापेक्षा ही संख्या अधिक आहे. साहजिकच तेथील प्रत्येक बदलाचा पहिला धक्का भारतीय घरांना बसतो.

निर्णयाआधीच रिकामा होणारा खिसा

व्हिसाच्या खर्चाचा विचार करताना बहुतेक जण शुल्काकडे पाहतात. खरा भार आर्थिक क्षमतेच्या पुराव्याचा असतो. कॅनडासाठी शिक्षणशुल्क आणि प्रवासखर्च सोडून राहणीमानाकरिता दाखवायची रक्कम वर्षानुवर्षे १० हजार डॉलर होती. २०२४ च्या आरंभी ती २० हजार ६३५ आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२ हजार ८९५ कॅनेडियन डॉलर झाली, म्हणजे चौदा-पंधरा लाख रुपयांच्या घरात. ऑस्ट्रेलियासाठी ही रक्कम २९ हजार ७१० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. जर्मनीत सरकारी विद्यापीठांचे शिक्षण बहुतांशी शुल्कमुक्त असले, तरी ११ हजार ९०४ युरो आधीच बंदिस्त खात्यात ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. लंडनमध्ये शिकणाऱ्याला महिना १,५२९ पौंड याप्रमाणे नऊ महिन्यांची तरतूद दाखवावी लागते. ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस असणे आवश्यक असते. अठ्ठावीस दिवसांपैकी एक दिवस जरी शिल्लक कमी झाली, तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

या अटींचा हेतू समजण्यासारखा आहे. परदेशात पोहोचलेला विद्यार्थी निर्धन होऊन तासन्तास बेकायदा कामात अडकू नये, हे त्याच्याही हिताचे आहे. परंतु एवढी रोकड एकाच वेळी खात्यात असणे हे भारतातील मध्यमवर्गीय उत्पन्नाच्या स्वरूपाशी जुळत नाही. येथील बचत जमीन, घर, सोने आणि भविष्यनिर्वाह निधीत असते. ती खात्यातील शिल्लक म्हणून दाखवायची, तर गहाण टाकावी लागते किंवा विकावी लागते. मोठ्या शैक्षणिक कर्जासाठी सार्वजनिक बँका बहुधा घर, जमीन किंवा मुदत ठेवीचे तारण मागतात. केंद्राची नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली विनातारण कर्जाची पीएम-विद्यालक्ष्मी योजना देशातील निवडक संस्थांपुरती आहे. परदेशी शिक्षणाला ती लागू नाही. शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठविलेल्या रकमेवरील करसंकलन १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले, हा दिलासा खरा. तो कर्ज मंजूर झालेल्यांनाच मिळतो.

याच फटीत उसनी शिल्लक दाखविण्याचा व्यवहार वाढला. महिनाभरासाठी खात्यात रक्कम ठेवायची, बँकेचे प्रमाणपत्र घ्यायचे आणि व्याजासह ती परत करायची, ही पद्धत मध्यस्थांच्या वर्तुळात सर्रास सांगितली जाते. अधिकारीही ती ओळखून आहेत. म्हणूनच खात्यात अचानक आलेल्या मोठ्या रकमेचा उगम विचारला जातो आणि समाधानकारक उत्तर नसेल, तर प्रामाणिक अर्जदारही संशयाच्या फेऱ्यात सापडतो.

परत येणार का, हा प्रश्न

पैशांच्या पुराव्याहून अवघड आहे तो हेतूचा पुरावा. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातील कलम २१४ (ब) नुसार प्रत्येक अर्जदार कायमचा स्थायिक होण्यासाठीच येत आहे, असे गृहीत धरले जाते. ते गृहीतक खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. मायदेशी आपले घर आहे आणि ते सोडण्याचा विचार नाही, हे त्याने काही मिनिटांच्या मुलाखतीत पटवून द्यायचे असते. बाविशीतल्या तरुणाकडे स्वतःची मालमत्ता नसते, नोकरी नसते, संसार नसतो. मायदेशाशी असलेले त्याचे बंध कागदावर मांडता येत नाहीत.

दुसऱ्या बाजूला, याच शिक्षणाचे आकर्षण नोकरीच्या संधीवर उभे आहे. अमेरिकेत पदवीनंतर एक वर्ष आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांत आणखी दोन वर्षे काम करण्याची मुभा असते. विद्यापीठांच्या प्रचारसाहित्यात तिचा उल्लेख ठळकपणे होतो. पन्नास-साठ लाखांचे कर्ज भारतातील सुरुवातीच्या पगारातून फेडणे कठीण आहे, हे बँकेला, पालकांना आणि मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही ठाऊक असते. तरीही खिडकीसमोर उभ्या विद्यार्थ्याने शिक्षण संपताच परत येण्याचे आश्वासन द्यावे, अशी अपेक्षा असते. व्यवस्थाच ज्या उत्तराला बक्षीस देते, ते उत्तर पाठ करून घेणारे वर्ग मग गल्लोगल्ली निघतात.

सर्वच देशांनी या विसंगतीकडे डोळेझाक केलेली नाही. तात्पुरते येणे आणि पुढे स्थायिक होण्याची इच्छा असणे हे दोन्ही हेतू एकत्र असू शकतात, हे कॅनडाच्या कायद्यात मान्य केलेले आहे. ऑस्ट्रेलियाने २३ मार्च २०२४ पासून ‘खरोखर तात्पुरता प्रवासी’ ही जुनी कसोटी काढून ‘खरा विद्यार्थी’ ही कसोटी आणली. परत जाण्याच्या वचनापेक्षा हाच अभ्यासक्रम का, याच संस्थेत का आणि आधीच्या शिक्षणाशी त्याचा संबंध काय, या प्रश्नांना त्यामुळे महत्त्व आले. नकार तेथेही मिळतात, पण विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे विद्यार्थ्याला शक्य असते.

मध्यस्थाची चूक, विद्यार्थ्याची शिक्षा

घरातील पहिलीच व्यक्ती परदेशी शिकायला निघालेली असते, तेव्हा सारी भिस्त सल्लागारावर असते. अनेक परदेशी संस्था प्रत्येक प्रवेशामागे अशा सल्लागाराला दलाली देतात. त्यामुळे मोफत मिळणारा सल्ला तटस्थ असेलच, असे नाही. बारावीनंतर लगेच, कमी गुणांवर, भाषेच्या जुजबी चाचणीवर प्रवेश देणारी संस्था सुचविण्यात सल्लागाराचा फायदा असतो. त्या संस्थेच्या नावामुळे व्हिसा नाकारला गेला, तर नुकसान मात्र विद्यार्थ्याचे होते.

यातील टोकाचे उदाहरण २०२३ मध्ये समोर आले. काही वर्षांपूर्वी कॅनडात गेलेल्या, प्रामुख्याने पंजाबमधील, शेकडो विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे बनावट असल्याचे ते कायम वास्तव्यासाठी अर्ज करू लागल्यावर उघड झाले. त्यांच्यावर हद्दपारीची टांगती तलवार आली. आंदोलनानंतर कॅनडा सरकारने कृती दल नेमून प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र तपासणी करण्याचे आणि फसवले गेलेल्यांना संरक्षण देण्याचे मान्य केले. पुढे १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्राची खातरजमा थेट संस्थेकडून करून घेण्याची पद्धत तेथे सुरू झाली.

कायद्याच्या नजरेत अर्जावर सही करणारा जबाबदार असतो, अर्ज भरून देणारा क्वचितच. खोटी माहिती आढळल्यास कॅनडा पाच वर्षे आणि ब्रिटन दहा वर्षांपर्यंत दारे बंद करू शकतो. अमेरिकेत अशी बंदी कायमची असू शकते. भारतात मात्र हे सल्लागार देशव्यापी नियमनाबाहेर आहेत. १९८३ चा उत्प्रवासन कायदा परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या दलालांना नोंदणी सक्तीची करतो. विद्यार्थ्यांना परदेशी पाठविणाऱ्यांना तो लागू होत नाही. पंजाबने २०१२ मध्ये आणि हरियाणाने २०२५ मध्ये प्रवासी दलालांच्या नोंदणीचे कायदे केले. पुण्यातील किंवा हैदराबादमधील विद्यार्थ्याला या कायद्यांचा उपयोग नाही.

नकारानंतरचे मार्ग

नकार मिळाल्यावर काय करायचे, याचे उत्तर देशागणिक वेगळे आहे. अमेरिकेच्या २१४ (ब) खालील नकाराविरुद्ध अपील नाही. परिस्थितीत बदल झाला असेल, तर नवे शुल्क भरून पुन्हा अर्ज करता येतो. ब्रिटनमध्ये २८ दिवसांत प्रशासकीय फेरतपासणी मागता येते. तिच्यात अधिकाऱ्याने नियम लावताना चूक केली का, एवढेच पाहिले जाते. कॅनडाबाहेर मिळालेल्या नकाराविरुद्ध तेथील संघीय न्यायालयात ६० दिवसांच्या आत दाद मागता येते. अधिकाऱ्याची टिपणे नकारपत्रासोबत जोडण्याची पद्धतही कॅनडाने जुलै २०२५ पासून काही प्रकारच्या अर्जांसाठी सुरू केली आहे. जर्मनीने उलट दिशा धरली. दूतावासाकडेच फेरविचाराची लेखी विनंती करण्याची निःशुल्क सोय १ जुलै २०२५ पासून जगभर बंद करण्यात आली. आता नवा अर्ज किंवा बर्लिनचे प्रशासकीय न्यायालय, हेच मार्ग उरले आहेत.

एका देशाचा नकार तेथेच संपत नाही. पूर्वी कोठे व्हिसा नाकारला गेला होता का, हा प्रश्न पुढील अर्जांत विचारला जातो आणि तो लपविणे हा स्वतंत्र दोष ठरतो. विद्यापीठेही अधिक सावध झाली आहेत. प्रवेश दिलेल्यांपैकी किती जणांना व्हिसा नाकारला गेला, याची ब्रिटनमधील संस्थांसाठीची कमाल मर्यादा १० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्याचे धोरण तेथील सरकारने स्वीकारले. परवाना धोक्यात येऊ नये म्हणून संस्थाच आता आधी मुलाखती घेऊन संशयास्पद वाटणाऱ्या अर्जदारांना गाळतात. या चाळणीत अडकलेल्याला नकारपत्रही मिळत नाही आणि दाद मागण्याची जागाही उरत नाही.

शिष्यवृत्तीचे वेळापत्रक

या साऱ्यात सर्वाधिक अडचण होते ती सरकारी मदतीवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्यांची. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील ७५ विद्यार्थ्यांना मिळते. त्यांच्यासाठी मंजुरीचे पत्र हाच आर्थिक क्षमतेचा पुरावा असतो. ते पत्र उशिरा आले, तर विद्यापीठाची पुष्टी मिळत नाही, पुष्टीवाचून व्हिसाचा अर्ज होत नाही आणि सत्र हातचे जाते. २०२५ मध्ये केंद्रीय योजनेतील १०६ निवडींपैकी सुरुवातीला ४० जणांनाच तात्पुरती मंजुरीपत्रे देण्यात आली; उर्वरितांना ती निधीच्या उपलब्धतेनुसार मिळतील, असे कळविण्यात आले. तोवर जुलै उजाडला होता. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ मध्ये लंडनमधील शिक्षण अर्धवट ठेवून परतावे लागले होते. शतकानंतरही मदतीची रक्कम आणि मदतीची वेळ या दोन गोष्टी जुळविणे व्यवस्थेला साधलेले नाही.

भारताच्या हाती काय?

वॉशिंग्टन, ओटावा किंवा लंडनचे धोरण नवी दिल्लीतून ठरणार नाही. मात्र जोखमीचा काही भाग येथेच कमी करता येण्यासारखा आहे. परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांना केंद्रीय नोंदणी, दलालीची जाहीर कबुली आणि अर्जाची प्रत विद्यार्थ्याला देण्याचे बंधन घालता येईल. शिष्यवृत्तींची अंतिम पत्रे एप्रिलअखेर देता येतील. व्हिसा मिळाल्यावरच तारणाची नोंद व्हावी आणि नकार आल्यास प्रक्रिया शुल्क परत मिळावे, अशी अट बँकांच्या कर्ज योजनांत घालता येईल. यजमान देशांशी बोलताना व्हिसांच्या संख्येइतकाच आग्रह कारणासह लेखी नकाराचा आणि बदलांपूर्वी पुरेशी मुदत देण्याचा धरता येईल. सत्र सुरू होण्याच्या तोंडावर झालेला बदल आधीच अर्ज केलेल्यांना लागू नसावा, ही मागणी कोणत्याही देशाच्या सार्वभौमत्वाला बाधा आणणारी नाही.

कुटुंबांच्या हातीही काही निर्णय आहेत. देश निवडताना विद्यापीठाच्या क्रमवारीसोबत तेथील व्हिसाचे चालू नियम, शिक्षणानंतरच्या मुदतीची नेमकी तारीख आणि नकारानंतरचे मार्ग आधी तपासणे गरजेचे झाले आहे. अर्ज कोणीही भरून दिला, तरी सही करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक ओळ विद्यार्थ्याने स्वतः वाचायला हवी. परतावा कोणत्या टप्प्यापर्यंत मिळतो, हे शिक्षणशुल्काचा पहिला हप्ता भरण्याआधी संस्थेकडून लेखी घेता येते. शेतजमीन किंवा राहते घर गहाण टाकण्याचा निर्णय या सर्व उत्तरांनंतर घ्यायचा असतो. सध्या अनेक घरांत तो सर्वांत आधी घेतला जातो.